वगळलेली शिक्षा आणि जोडलेला कलासंग्रह : अलिशेर उस्मानोव्ह यांच्या विकिपीडिया चरित्राचे प्रकरण

नोव्हेंबर २०१२ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने दिलेल्या बातमीनुसार, आर्थिक क्षेत्रातील बड्या कंपन्यांचे जनसंपर्काचे काम पाहणाऱ्या आरएलएम फिन्सबरी या संस्थेने अलिशेर उस्मानोव्ह या आपल्या अब्जाधीश ग्राहकाचे इंग्रजी विकिपीडियावरील चरित्र गुपचूप बदलले होते. उस्मानोव्ह यांना सोव्हिएत काळात झालेल्या शिक्षेचा तपशील आणि एका ब्लॉगलेखकाशी झालेल्या वादाचा मजकूर त्यातून काढण्यात आला होता, आणि त्यांच्या दानधर्माची व कलासंग्रहाची माहिती त्या जागी आली होती. हे बदल झाले तेव्हा उस्मानोव्ह यांच्या नियंत्रणाखालील मेगाफोन ही रशियन मोबाइल कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरण्याच्या तयारीत होती. विचारणा झाल्यावर संस्थेने कृत्य कबूल केले, ते योग्य रीतीने झाले नव्हते आणि त्याला उस्मानोव्ह यांची संमती नव्हती असे सांगितले, आणि क्षमा मागितली.

प्रकरण एवढेच आहे, आणि हितसंबंधी संपादनाची याहून कितीतरी मोठी उदाहरणे पुढच्या काळात उघडकीस आली. तरीही अभ्यासासाठी हेच निवडण्याचे कारण असे की यात ग्राहकाची बाजू पूर्णपणे लंगडी नव्हती. ज्या शिक्षेचा उल्लेख काढला गेला ती शिक्षा पुढे न्यायालयानेच रद्द ठरवली होती. म्हणजे त्या मजकुराच्या मांडणीविषयी उघडपणे भांडता येईल असा मुद्दा संस्थेच्या हातात होता, आणि तो तिने स्वतःच्या हाताने घालवला. हितसंबंधी संपादनात खोटे लिहिले जाते अशी सर्वसाधारण समजूत असते. येथे जोडलेला मजकूर खोटा होता असा आरोप नव्हता. एका माणसाच्या आयुष्यातले काय किती जागा घेईल हे कोणी ठरवायचे, एवढाच प्रश्न होता, आणि तो ठरवण्याचा अधिकार ज्याने पैसे घेतले होते त्याने न सांगता वापरला होता.

माणूस आणि त्याचा भूतकाळ

उस्मानोव्ह यांचा जन्म १९५३ मध्ये सोव्हिएत उझबेकिस्तानातील चुस्त या गावी झाला. वडील ताश्कंदमध्ये सरकारी वकील होते. मॉस्कोतील आंतरराष्ट्रीय संबंधांच्या नामांकित संस्थेत शिक्षण घेऊन उस्मानोव्ह परतले, आणि १९८० मध्ये फसवणूक व समाजवादी मालमत्तेचा अपहार अशा आरोपांखाली त्यांना अटक झाली. आठ वर्षांच्या शिक्षेपैकी सुमारे सहा वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर धातू, गॅस व दूरसंचार या क्षेत्रांत त्यांनी प्रचंड संपत्ती मिळवली. गॅझप्रॉम या रशियन सरकारी गॅस कंपनीच्या गुंतवणूक शाखेचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते, मेटॅलोइन्व्हेस्ट ही खाणउद्योगातील कंपनी त्यांची होती, आणि फेसबुकमध्ये सुरुवातीच्या काळात पैसा घालणाऱ्या रशियन गुंतवणूकदारांत त्यांचा समावेश होता.

शिक्षेविषयी उस्मानोव्ह यांची भूमिका आरंभापासून एकच राहिली आहे : आपण कोणताही गुन्हा केला नाही आणि खटला रचलेला होता. २००० मध्ये उझबेकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकाल रद्द केला आणि पुरावे बनावट असल्याचे म्हटले. त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे असे की उझबेकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इस्लाम करिमोव्ह यांच्या राजवटीतील न्यायालयाने एका अतिश्रीमंत माणसाला दिलेल्या या दाखल्याचे वजन किती मानावे हा प्रश्न उरतोच. यातला कोणता पक्ष खरा, हे ठरवणे ज्ञानकोशाचे काम नव्हे आणि या लेखाचेही नव्हे. अटक, शिक्षा, तुरुंगवास, निकालाचे रद्द होणे आणि त्या रद्दीवरचा आक्षेप या पाचही गोष्टी क्रमाने व संदर्भासह लिहिल्या की वाचकाला जे हवे ते मिळते. शिक्षा लिहून रद्दी गाळणे हा उस्मानोव्ह यांच्यावर अन्याय झाला असता, आणि दोन्ही गाळणे हा वाचकावर.

२००७ चा धडा

काढलेल्या मजकुरातील दुसरा भाग ब्लॉगलेखकाशी झालेल्या वादाचा होता, आणि फिन्सबरीच्या कृत्याची खरी गंमत, तिला गंमत म्हणायचे असेल तर, त्या भागात आहे.

२००७ च्या उन्हाळ्याअखेरीस उस्मानोव्ह यांनी आर्सेनल या फुटबॉल क्लबच्या उपाध्यक्षपदावरून दूर झालेल्या डेव्हिड डीन यांचे समभाग सुमारे साडेसात कोटी पौंडांना विकत घेतले. तोपर्यंत ब्रिटनमधील सामान्य माणसाला त्यांचे नाव फारसे ठाऊक नव्हते. क्रेग मरे हे २००२ ते २००४ या काळात ताश्कंदमध्ये ब्रिटनचे राजदूत होते आणि करिमोव्ह राजवटीवरील जाहीर टीकेमुळे गाजले होते. त्यांनी आपल्या ब्लॉगवर उस्मानोव्ह यांच्या भूतकाळाविषयी अतिशय गंभीर आरोप करणारा मजकूर लिहिला. उस्मानोव्ह यांनी आरोप फेटाळले आणि त्यांच्या वतीने शिलिंग्ज या लंडनमधील वकिलांच्या संस्थेने नोटिसा पाठवल्या. आपल्या अशिलाने गुन्हे केलेले नाहीत आणि गोर्बाचेव्ह सत्तेवर आल्यानंतर त्यांना पूर्ण माफी मिळाली आहे, असे त्या पत्रांत म्हटले होते.

सप्टेंबर २००७ मध्ये संकेतस्थळांना सर्व्हरवर जागा देणाऱ्या फास्टहोस्ट्स या कंपनीने ज्या सर्व्हरवर मरे यांचा ब्लॉग होता तो सर्व्हरच बंद केला. त्याच सर्व्हरवर इतरांचीही संकेतस्थळे होती. त्यांत हुजूर पक्षाचे तेव्हाचे खासदार बोरिस जॉन्सन यांचे संकेतस्थळ होते आणि मजूर पक्षाच्या एका नगरसेवकाचेही होते. सुक्याबरोबर ओलेही जळाले. परिणामी, ज्यांना उझबेकिस्तान नकाशावर दाखवता आला नसता अशा शेकडो ब्लॉगलेखकांनी हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न मानला आणि मूळ आरोपांच्या प्रती जागोजागी लावल्या. एका ब्लॉगवरचा मजकूर अशा रीतीने राष्ट्रीय वृत्तपत्रांत पोहोचला.

म्हणजे उस्मानोव्ह यांच्या भूतकाळाविषयीचा मजकूर दडपण्याचा प्रयत्न कसा उलटतो, याचा पूर्ण विकसित नमुना फिन्सबरीच्या लोकांसमोर पाच वर्षे आधीपासून होता. तो नमुना त्या चरित्रात नोंदवलेला होता. आणि त्यांनी नेमका तोच परिच्छेद काढला.

भागविक्रीच्या तोंडावर

एप्रिल २०१२ मध्ये मेगाफोनच्या भागधारकांत मोठी उलथापालथ झाली. आल्टिमो या गटाने आपला हिस्सा विकून काढता पाय घेतला आणि उस्मानोव्ह यांच्या कंपनीकडे पन्नास टक्क्यांहून एक समभाग अधिक अशी निर्णायक मालकी आली. त्यानंतर लंडन व मॉस्को येथे भागविक्री ठरली. भागविक्रीच्या व्यवस्थापकांपैकी गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेने शरद ऋतूत या कामातून अंग काढून घेतले, आणि त्यामागे कंपनीच्या कारभारपद्धतीविषयीची चिंता असल्याच्या बातम्या छापून आल्या. अशा वेळी मुख्य मालकाची प्रतिमा ही केवळ शोभेची गोष्ट राहत नाही. गुंतवणूकदार रशियन कंपनीचे समभाग घेताना तिच्या नफ्याबरोबरच, ती ज्याच्या मुठीत आहे तो माणूस कसा आहे, याचीही किंमत लावतो, आणि तो जितका साशंक असेल तितकी कमी किंमत देतो.

येथे एक नियम लक्षात घेण्यासारखा आहे. त्या काळी युरोपात लागू असलेल्या तरतुदींनुसार भागविक्रीच्या माहितीपत्रकात संचालक व वरिष्ठ व्यवस्थापकांना फसवणुकीच्या गुन्ह्यांत झालेल्या शिक्षांची माहिती द्यावी लागे, पण ती किमान मागील पाच वर्षांपुरती. तीस वर्षांपूर्वीची आणि नंतर रद्द झालेली शिक्षा अशा अधिकृत चाळणीतून सहज निसटते, आणि त्यात बेकायदा काही नाही. मग एखाद्या लहान गुंतवणूकदाराला, किंवा मोठ्या फंडातील कनिष्ठ विश्लेषकाला, ती कुठे दिसणार? नाव शोधल्यावर पहिल्या दोन-तीन निकालांत येणाऱ्या ज्ञानकोशात. शिवाय गूगलने शोधनिकालांच्या शेजारी माहितीची चौकट दाखवायला मे २०१२ मध्येच सुरुवात केली होती, आणि त्या चौकटीतील मजकूर बहुतेक वेळा विकिपीडियावरूनच उचलला जात असे. विकिपीडिया कोणी गंभीरपणे घेत नाही, असे म्हणणाऱ्या जनसंपर्क क्षेत्रातल्या लोकांनीच त्यातील एक परिच्छेद काढण्यासाठी आपली पत पणाला लावली, यावरून त्या परिच्छेदाची बाजारातील किंमत समजते.

भागविक्री नोव्हेंबरच्या अखेरीस पार पडली. समभागाची किंमत वीस ते पंचवीस डॉलर या ठरवलेल्या पट्ट्याच्या तळाशी, वीस डॉलरला निश्चित झाली आणि सुमारे १.७ अब्ज डॉलर उभे राहिले. तळाची किंमत मिळण्याचा संबंध विकिपीडियाच्या बातमीशी जोडण्याचा मोह टाळलेला बरा. गोल्डमनचे बाहेर पडणे आणि रशियन समभागांविषयी त्या वर्षी असलेली अनिच्छा ही कारणे त्यासाठी पुरेशी होती.

कोणता नियम मोडला

आज या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, २०१२ मध्ये तितके नव्हते. विकिपीडिया कोणालाही संपादन करू देते, आणि खाते न उघडता निनावी संपादन करणेही तेव्हा नियमात बसत होते. हितसंघर्षाविषयी जे होते ते मार्गदर्शक तत्त्व होते : ज्याचा विषयाशी आर्थिक किंवा निकटचा संबंध आहे त्याने लेखात थेट बदल करू नयेत, अशी जोरदार शिफारस. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स त्या काळात याहून कडक रेषा आखत होते. पैसे घेऊन बाजू मांडणाऱ्याने लेखाला हातच लावू नये, जे सांगायचे ते लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे संपादक जिथे लेखाविषयी आपसांत बोलतात त्या पानावर, सांगावे, असा त्यांचा आग्रह होता. पण तो आग्रहच होता, बंधनकारक नियम नव्हता, आणि अनेक अनुभवी संपादकांना तो अवास्तव वाटत असे. त्यांचे म्हणणे असे की चर्चापानावरच्या विनंत्यांना महिनोन्‌महिने उत्तर मिळत नसेल, तर प्रामाणिक माणसालाही आडमार्गाने जावेसे वाटणारच.

या तक्रारीत तथ्य होते. चरित्रलेखात चुकीचा मजकूर राहिल्याने जिवंत माणसाचे किती नुकसान होते, हे २००५ मध्ये अमेरिकन पत्रकार जॉन सायगेनथेलर यांच्या प्रकरणात दिसले होते. केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर चार महिने कोणाच्या लक्षातही आला नव्हता. त्यानंतर जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी स्वतंत्र धोरण तयार झाले, आणि विश्वासार्ह संदर्भ नसलेला वादग्रस्त मजकूर कोणीही ताबडतोब काढावा अशी मुभा त्यात आली. ही मुभा चरित्रनायकालाही लागू आहे. फिन्सबरीला तिचा आधार घेता आला नाही, कारण काढलेल्या गोष्टींना संदर्भांचा तुटवडा नव्हता. शिक्षा झाली होती हे उस्मानोव्ह यांच्या वकिलांच्याच पत्रांतून निष्पन्न होत होते, आणि ब्लॉगचा वाद सगळ्या वृत्तपत्रांनी छापला होता.

ब्रिटनमधील त्या वर्षीचे वातावरणही समजून घेतले पाहिजे, नाहीतर संस्थेची चूक अजाणतेपणाची वाटेल. डिसेंबर २०११ मध्ये बेल पॉटिंजर या दुसऱ्या बड्या जनसंपर्क संस्थेची अनेक खाती विकिपीडियाने बंद केली होती आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला होता. जानेवारी २०१२ मध्ये पोर्टलँड या संस्थेच्या कार्यालयातून स्टेला आर्टुआ बियरच्या बदनाम टोपणनावाचा उल्लेख लेखातून काढण्याचा प्रयत्न झाला आणि एका खासदाराने तो चव्हाट्यावर आणला. जूनमध्ये ब्रिटनमधील जनसंपर्क व्यावसायिकांच्या सनदी संस्थेने विकिमीडिया यूके या विकिपीडियाला साहाय्य करणाऱ्या ब्रिटिश संस्थेशी चर्चा करून सभासदांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, आणि लेखात थेट हात घालू नका, हा तिचा गाभा होता. जर्मनीत मे महिन्यात म्युनिकच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने, एका कंपनीने विकिपीडियाच्या लेखात आपल्या फायद्याचा मजकूर घालणे ही छुपी जाहिरात व अनुचित स्पर्धा ठरवली होती. यानंतर पाच-सहा महिन्यांनी लंडनच्या एका अग्रगण्य संस्थेला हे ठाऊक नव्हते, असे मानणे कठीण आहे. तिचे संस्थापक रोलँड रड तर जनसंपर्कात येण्यापूर्वी ‘फायनान्शियल टाइम्स’चे पत्रकार होते.

विकिपीडियाच्या बाजूनेही सगळे धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विकिमीडिया यूकेच्या एका विश्वस्ताने जिब्राल्टर सरकारचा पगारी सल्लागार म्हणून काम केल्याचे उघड झाले, विकिपीडियाच्या मुखपृष्ठावर जिब्राल्टरविषयीच्या लेखांची वर्दळ डोळ्यांत भरली आणि त्याला विश्वस्तपद सोडावे लागले.

क्षमापत्रातील एक वाक्य

फिन्सबरीच्या निवेदनातील सर्वांत महत्त्वाचा भाग क्षमा नव्हे, तर या पद्धतीला उस्मानोव्ह यांनी मान्यता दिली नव्हती हा खुलासा आहे. तो खरा असू शकतो, आणि तसे गृहीत धरूनच त्याकडे पाहणे न्याय्य ठरेल. जनसंपर्काच्या व्यवसायात ग्राहक सहसा पद्धत सांगत नाही, फळ मागतो : भागविक्रीपर्यंत जुने वाद वर येऊ नयेत. पद्धत संस्थेतील मधल्या फळीतला कर्मचारी निवडतो, आणि ती उघड झाली की संस्था ग्राहकाला वाचवते. ग्राहक हात झटकून मोकळा राहतो, पण ज्याच्यासाठी हे केले त्याचेच नाव मथळ्यात येते. वकिलाने अशिलाला न विचारता साक्षीदाराशी बोलावे असा हा प्रकार आहे. फरक इतकाच की वकिलाची सनद जाऊ शकते, आणि जनसंपर्क सल्लागाराकडे सनदेसारखे गमावण्याजोगे काही नसते.

ग्राहकाला काहीच ठाऊक नव्हते, असे मानले तरी हितसंघर्ष नाहीसा होत नाही. हितसंघर्षासाठी वाईट हेतू लागत नाही. निवाडा करणाऱ्याचा निकालात स्वार्थ असला की पुरे. चरित्र संपादित करणारा प्रत्येक जण लहानसहान निवाडे करत असतो : हा परिच्छेद वर घ्यावा की खाली, या विशेषणाला संदर्भ पुरेसा आहे का, दानधर्माला दोन ओळी द्याव्यात की दोन परिच्छेद. उस्मानोव्ह यांनी २००७ मध्ये चेलोवादक रोस्त्रोपोविच व त्यांच्या पत्नी, गायिका विश्नेव्स्काया यांचा कलासंग्रह लिलावापूर्वीच सबंध विकत घेऊन रशियाला दिला होता. ती गोष्ट खरी होती, महत्त्वाची होती आणि चरित्रात असायलाच हवी होती. ती जोडण्याबद्दल कोणीही तक्रार केली नसती. तिने तुरुंगवासाची जागा घेतली म्हणून ती संशयास्पद झाली, आणि एका चांगल्या कृत्याची नोंदही त्यामुळे प्रचाराच्या वासाची होऊन बसली.

काय करता आले असते

समजा, संस्थेने तो मार्ग न घेता आपल्या नावाचे खाते उघडले असते, उस्मानोव्ह आपले ग्राहक असल्याचे सदस्यपानावर लिहिले असते आणि चरित्राच्या चर्चापानावर तीन विनंत्या मांडल्या असत्या. पहिली, प्रस्तावनेत शिक्षेचा उल्लेख असेल तर त्याच वाक्यात २००० च्या निकालाचाही उल्लेख व्हावा. दुसरी, ब्लॉगवरील आरोप आणि सर्व्हर बंद पडण्याची घटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आरोपांना स्वतंत्र पुष्टी नसेल तर त्यांचा मजकूर उद्‌धृत न करता केवळ वादाची नोंद राहावी. तिसरी, कलासंग्रहाची माहिती संदर्भांसह सोबत दिली आहे, ती योग्य वाटल्यास घ्यावी. यातील पहिली विनंती बहुतेक संपादकांनी विनातक्रार मानली असती. दुसरीवर वाद झाला असता, पण चरित्रधोरणाचा आधार असल्याने संस्थेची बाजू बळकट राहिली असती. तिसरीचा काही भाग स्वीकारला गेला असता. शिक्षेचा उल्लेख मात्र राहिला असता, आणि ग्राहकाला ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगणे हेच सल्लागाराचे खरे काम होते. ते सांगण्याचे धैर्य कमी पडले की मग रात्रीतून परिच्छेद नाहीसे करण्याची वेळ येते.

विकिपीडियावर काढलेला मजकूर नाहीसाही होत नाही. प्रत्येक आवृत्ती ‘इतिहास पहा’ या कळीमागे तारीख-वेळेसह राहते, आणि खात्याविना केलेल्या संपादनाशेजारी त्या काळी संगणकाचा आयपी पत्ता दिसत असे. २००७ मध्येच विकिस्कॅनर नावाच्या साधनाने असे पत्ते कोणत्या संस्थांचे आहेत हे जगासमोर मांडले होते. सगळे जतन करणाऱ्या जागी गुपचूप काम करू पाहणे, यात अनैतिकतेइतकाच अडाणीपणाही आहे.

नंतर

जून २०१४ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानने आपल्या वापरअटी बदलल्या आणि पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने आपला मालक, ग्राहक व संबंध उघड करणे सक्तीचे केले. या बदलामागे फिन्सबरीपेक्षा पैसे घेऊन विकिपीडियावर लेख लिहून देणाऱ्या विकी-पीआर या अमेरिकन कंपनीचे २०१३ मधील प्रकरण अधिक होते. त्यात अडीचशेहून अधिक खाती बंद करावी लागली होती. नव्या अटींनंतरही धंदा थांबला नाही, त्याने रूप बदलले. २०१५ मध्ये ३८१ खात्यांचे एक जाळे सापडले. ते लहान व्यावसायिकांकडून त्यांचे लेख ‘सांभाळण्याचे’ पैसे उकळत होते. भारतातही हे लांबचे राहिले नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘द साइनपोस्ट’ या विकिपीडियाच्या अंतर्गत वृत्तपत्राने लिहिले की अदानी कुटुंब व त्यांच्या उद्योगांविषयीचे नऊ लेख चाळीसहून अधिक बनावट किंवा अघोषित पगारी खात्यांनी तयार केले वा सुधारले होते, आणि ती खाती नंतर बंद करण्यात आली. मराठीसारख्या भाषांतील विकिपीडियांवर असे लेख पुष्कळदा इंग्रजीतून भाषांतरित होऊन येतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे प्रचालक व जाणते सदस्य मोजकेच असतात, त्यामुळे इंग्रजीत कोणी गाळलेली गोष्ट भाषांतरातही गाळलेलीच राहण्याची शक्यता मोठी असते.

फिन्सबरीने केले तसे काम आता बड्या संस्था आपल्या कार्यालयातून सहसा करत नाहीत. २०१४ च्या जूनमध्ये अनेक आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संस्थांनी विकिपीडियाचे नियम पाळण्याचे जाहीर निवेदन काढले. पण ग्राहकाची मागणी बदललेली नाही, आणि ती पुरवणारा स्वतंत्र कारागीर दुसऱ्या देशात, घरच्या जोडणीवरून, सहा महिने निरुपद्रवी लेख लिहून विश्वास कमावलेल्या खात्यातून तेच बदल करू शकतो. त्याला पकडण्यासाठी आयपी पत्ता उपयोगी पडत नाही. त्यासाठी त्या चरित्रावर सतत नजर ठेवणारा, २००० चा निकाल आणि २००७ चा वाद दोन्ही ठाऊक असलेला, आणि परिच्छेद गायब झाल्याबरोबर चर्चापानावर कारण विचारणारा एखादा संपादक लागतो, आणि तो मात्र हे काम विनामोबदला करतो.